दात न दुखणाऱ्यांचा गुरुवार

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझी कधी नीट ओळख झाली नाही. चौथी पास झाले तेव्हा वडील म्हणाले, पोरीच्या जातीला एवढं रग्गड झालं. पोरगी पुढे सोळा वर्षं दवाखान्याचं रजिस्टर लिहिणार आहे, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. तेव्हा जिथे चूक दिसेल तिथे माफी असावी. वहीसुद्धा नवी नाही, दवाखान्यातल्या जुन्या नंबरवहीची मागची कोरी पानं आहेत.

दिवाळी अंकात मी निवृत्त लोकांचे अनुभव आवडीनं वाचते. कुणी बँकेतले, कुणी पोलिसातले. सगळ्यांनी आयुष्यभर बरोबरच निर्णय घेतलेले असतात, कौतुक वाटतं. दाराबाहेर स्टुलावर बसणाऱ्या बाईचा अनुभव मात्र मी कुठे वाचला नाही, म्हणून स्वतःपुरता लिहून ठेवते. चारचौघांत मला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. वहीत बरं असतं, वही मध्येच "काय म्हणालात?" असं विचारत नाही.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दातांचा दवाखाना होता, तिथे मी कामाला होते. त्याआधी जीन्सच्या कारखान्यात पँटींचे दोरे कापत होते. दवाखान्यात नंबर लिहायचे, हत्यारं उकळायची, चूळ भरायला पाणी द्यायचं, झाडू-पोछा करायचा. डॉक्टर सिंधी होते, स्वभावानं गोड आणि हिशोबाला त्याहून गोड. गुरुवारी ते कल्याणच्या दुसऱ्या दवाखान्यात बसत, म्हणून इथली खोली रिकामी राही. रिकामी खोली बघून त्यांना रात्री झोप लागत नसावी. एक दिवस म्हणाले, "बाई, गुरुवार को एक मॅडम बैठेगी. किराया देगी. तुम नंबर लिखना, बस."

मी विचारलं, "दातांच्या मॅडम?"

"नहीं नहीं. बात करने की."

मला वाटलं चेष्टा करतायत. बोलायला मॅडम कशाला लागते? आमच्या ब्लॉकमध्ये बोलणाऱ्या बायका काय कमी होत्या, आणि त्या सगळ्या फुकट बोलत.

मॅडम आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, खांद्याला पर्स. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, पेशंटांचीही नावं बदलली आहेत. त्यांच्या कामाला समुपदेशन म्हणतात. तो शब्द मी रजिस्टरमध्ये चार गुरुवार चार तऱ्हांनी लिहिला आणि पाचव्या गुरुवारी लिहायचा सोडला. बहुतेक येणारी दहावी-बारावीची मुलं असत. कुणाचं परीक्षेच्या सकाळी पोट दुखे, कुणाला उलट्या होत, कुणी शाळेत जायचं म्हटलं की संडासात जाऊन बसे. एका मुलीनं नखं कुरतडता कुरतडता बोटं सोलून ठेवली होती. आधी घरच्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलेलं असे, मग आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळलेल्या असत, मग बापानं दोन थोबाडीत दिलेल्या असत. तिन्ही उपाय फसले की मग आमचा गुरुवार.

पण गुरुवारी येणार कसं? कुणी बघितलं तर? पोरीला वेड लागलं म्हणतील, पुढे लग्न कसं जमेल? म्हणून लोकांनी एक व्यवस्था केली होती, कुणी न सांगता. अंबरनाथची माणसं उल्हासनगरला येत. बदलापूरचीही येत. उल्हासनगरची माणसं मात्र आमच्याकडे फिरकत नसत, ती कुठे लांब जात असतील. आणि आमच्या दारावर तर दाताचं चित्र असलेली पाटी. यापेक्षा चांगला आडोसा कुठे मिळणार? आईबाप रिक्षातून उतरले की गालाला रुमाल लावून आत शिरत. मुलालाही सांगितलेलं असे, गाल धर.

एकदा बाकावर बदलापूरच्या कात्रप भागातल्या एकाच बिल्डिंगमधली दोन कुटुंबं समोरासमोर आली. दोन्हीकडे रुमाल.

"अहो, तुम्ही इकडे कुठे?"

"दाढ हो. ठणकतेय तीन दिवस. तुम्ही?"

"आमचीपण दाढच."

"डावी की उजवी?"

"उजवी. तुमची?"

"आमची... आमचीपण उजवीच."

मग दोन्ही गृहस्थ अर्धा तास लवंगेच्या तेलावर बोलले. मधे त्यांची दोन पोरं एकमेकांकडे बघून हसत होती. मला वाटतं, त्या दिवशीचा निम्मा उपचार तिथेच झाला, आणि त्याची फी मॅडमना मिळाली नाही.

हसण्यासारखं नाही असंही एक घडलं, आणि ती चूक माझी. सुरुवातीच्या दिवसांत एका बुधवारी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. अंबरनाथ पश्चिमेचे, इस्त्रीचे कपडे. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "ते... जरा दुसरं काम होतं." मुलगा पंधरा-सोळाचा, डोळे जमिनीला. मला कळलं होतं. म्हणजे शंका आली होती. पण "तुम्ही गुरुवारी या" असं अनोळखी पुरुषाला सांगायचं म्हणजे काहीतरी विचारावं लागलं असतं, आणि मला लाज. मी गुपचूप नंबर लिहिला. आत डॉक्टरांनी मुलाला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, दात साफ करून दिले. मुलगा तोंड उघडं ठेवून बसला. बापानं पैसे दिले, थँक्यू म्हटलं आणि गेले. दोघांनाही "आम्ही यासाठी आलो नव्हतो" असं म्हणवलं नाही. त्या दवाखान्यात त्या दिवशी तीन लाजरी माणसं होती आणि त्यातलं पगार घेणारं एकच होतं. ती मंडळी परत आली नाहीत. मुलाचे दात तेवढे पांढरे झाले.

मॅडमना मी हे महिन्यानं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सुमनबाई, दारात एकच प्रश्न विचारत जा. दात की बोलणं? उत्तर नाही दिलं तरी मान हलवतील." तेव्हापासून मी विचारू लागले. पहिल्या दिवशी माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

आता मनीषाचं सांगते. कात्रपची मुलगी, दहावीत. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात साहेब होते, म्हणजे पन्नास-साठ माणसं हाताखाली. हुशार मुलगी. पण पेपर हातात आला की तिच्या तळव्यांना असा घाम सुटे की पेन घसरे, शाई फुटे, कागद ओला होई. म्हणून ती हाताखाली रुमाल ठेवून लिही. सहामाहीला सुपरवायझर बाईंना तो रुमाल दिसला. त्यांना वाटलं आत चिठ्ठी आहे. भर वर्गात रुमाल झटकला, आत काही निघालं नाही. पण मुलगी जी उठली ती थेट घरी. पेपर तसाच राहिला. पुढचे दोन पेपरही तिनं दिले नाहीत. शाळेतून निरोप गेला, वडिलांची मान खाली गेली. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, आणि मुलगी म्हणते मी बसणार नाही.

तिची आई दर गुरुवारी तिला घेऊन येई. फी तीस रुपये. साहेब पैसे देत, येत नसत.

मॅडम मुलांशी काय बोलतात ते मला बाहेर ऐकू येई, कारण मधली भिंत प्लायवूडची होती आणि वरून हातभर उघडी. ऐकलेलं मी कुणाला सांगितलं नाही. मॅडमनी मनीषाला समजावलं ते मला फार पटलं, कारण मलाही समजलं. त्या म्हणाल्या, "घरात चोर शिरला तर कुत्रं भुंकतं, बरोबर? भुंकायलाच हवं. तुझं कुत्रं पेपर बघूनही भुंकतं. ते वाईट नाही, जरा जास्तच प्रामाणिक आहे. त्याला मारायचं नाही, हाकलायचंही नाही. त्याला इतक्या वेळा पेपर दाखवायचा की त्याला कळलं पाहिजे, हा चोर नाही, रोजचा दूधवाला आहे."

मुलगी पहिल्यांदा हसली. मग मॅडमनी तिला श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. घ्यायचा नाही, सोडायचा. घेणं आपोआप होतं म्हणाल्या. कुणाला वाटतं समुपदेशन म्हणजे उपदेश. उपदेश तिला घरी, शाळेत आणि शेजारी मिळून तिन्ही त्रिकाळ मिळत होता, त्यासाठी दोन स्टेशनं यायची गरज नव्हती. मॅडम निम्मा वेळ नुसतं ऐकत. तीस रुपये त्याचे.

चौथ्या गुरुवारी मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सुमनबाई, दूधवाला तुम्ही व्हायचं. आज तुम्ही सुपरवायझर."

"मी? मॅडम, मी चौथी झालेली."

"सुपरवायझरला काही येत नसतं. नुसतं फिरायचं असतं."

मनीषाला बाकाच्या टोकाला पॅड देऊन बसवलं, हातात जुना पेपर दिला. मी हात पाठीमागे बांधून तीन पावलं तिकडे, तीन पावलं इकडे. बाकावर गाल धरून बसलेले लोक बघत होते. तिच्या हाताला घाम आला असेल, माझ्या तर पाठीला आला होता. त्या गुरुवारी मी लांबून फिरले. पुढच्या वेळी मागे उभी राहिले. त्याच्या पुढच्या वेळी वाकून पेपरात बघितलं. मग मॅडम म्हणाल्या, आता रुमाल मागा.

मी म्हटलं, "रुमाल... देतेस का जरा?"

मॅडम आतून ओरडल्या, "सुमनबाई, उसना मागत नाही आहात!"

मी आवाज चढवला. मुलीनं रुमाल दिला आणि रडायला लागली. तिला बघून माझेही डोळे भरले. सुपरवायझर आणि परीक्षार्थी दोघी रडतायत आणि बाकावरच्या एका बाई आपला गाल सोडून आम्हाला पाणी देतायत. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "छान चाललंय. दोघी पाणी प्या आणि परत."

आठव्या गुरुवारी ती रडली नाही. मी झाडू मारता मारता तशीच काखेत झाडू घेऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "ए, रुमाल दाखव!" तिनं माझ्याकडे बघितलं, श्वास सोडला, रुमाल पुढे केला आणि म्हणाली, "बघा बाई, घाम आहे फक्त." आणि पुढे लिहायला लागली. मला इतका आनंद झाला की मी अजून एक फेरी मारली.

नेमके तेव्हाच तिचे वडील दारात उभे. कामावरून लवकर सुटले होते, मुलीला न्यायला म्हणून आले.

"हे काय चाललंय? ही झाडूवाली माझ्या मुलीची झडती घेते?"

मनीषा म्हणाली, "पप्पा, ही प्रॅक्टिस आहे."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही परीक्षा घेता? किती शिकलात?"

मला खोटंही पटकन सुचत नाही. म्हटलं, "चौथी."

"चौथी! आणि याचे मी तीस रुपये भरतो!"

बाकावरच्या सगळ्यांचे हात गालावरून खाली आले. एरवी दाढांनी कण्हणारे सगळे एकदम बरे झाले होते. मॅडम बाहेर आल्या. साहेबांनी तिथेच हिशोब मांडला, आठ गुरुवारचे दोनशे चाळीस रुपये, सगळे परत पाहिजेत, मुलगी यापुढे येणार नाही. "औषध नाही, गोळी नाही, इंजेक्शन नाही. नुसत्या गप्पा मारायच्या आणि झाडूवालीनं पहारा द्यायचा. फसवणूक आहे ही."

मला वाटलं मॅडम भांडतील. त्या म्हणाल्या, "देते ना. तुमचं समाधान नाही तर पैसे परत. पण मी तीस-तीस करून घेतले, तीस-तीस करूनच देईन. दर गुरुवारी या."

"हप्त्यानं?"

"तुम्ही हप्त्यानंच दिलेत ना? आणि तुमचे पैसे, तुम्ही स्वतःच यायचं. आत बसून सही करून घ्यायचे. बाकावर मी पैशाचा व्यवहार करत नाही."

साहेब कारखान्यातले, नियमानं चालणारे. नियम त्यांना आवडला नाही, पण त्यात चूकही सापडली नाही. पहिले तीस तिथल्या तिथे आत जाऊन घेतले, सही केली आणि मुलीला घेऊन गेले. मी मात्र गोंधळले. पैशाचा डबा माझ्याकडे असे, त्यात त्या दिवशी तीनशेच्या वर होते. मॅडम असं का करतात मला कळेना. वाटलं, बाई चिकट आहे.

पुढच्या गुरुवारी साहेब आले ते रागानंच. आत गेल्या गेल्या आवाज.

"झालं समाधान? प्रिलिमला पोरगी अर्ध्या तासात उठून आली."

"मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"काय म्हणणार? म्हटलं, खानदानात असं कुणी केलं नाही."

"ती बाहेर आली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"शाळेच्या फाटकाशी."

"रजा काढून?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "माझे तीस द्या."

तिसऱ्या खेपेला पण तसंच. दहा मिनिटं मुलीला नावं ठेवली, पाच मिनिटं मॅडमना, दोन मिनिटं सरकारला, आणि तीस रुपये घेऊन गेले. पण मी पाहिलं, गृहस्थ वेळेआधी येऊन बसतात. कारखान्यातून अंबरनाथहून यायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा पडत असणार. तीस रुपयांसाठी साहेब माणूस अर्धा दिवस घालवतो, हे गणित माझ्या चौथीतल्या मास्तरांनीसुद्धा चूक दिलं असतं.

एक गोष्ट मात्र मॅडमच्या लक्षात आली नव्हती, माझ्या आली होती, कारण रजिस्टर माझ्याकडे होतं. साहेबांची सही दर वेळी फरफटलेली असे. शाईला हात लागून डाग पडे, पानाचा कोपरा ओला होऊन सुरकुतलेला असे. इतक्या लोकांनी त्या वहीत सह्या केल्या होत्या, कुणाची अशी नव्हती. दोन दिवस मी विचार केला, सांगू की नको. आपण झाडूवाल्या, साहेब लोकांच्या हाताबद्दल आपण काय बोलायचं? मग तो पांढऱ्या दातांचा मुलगा आठवला. बुधवारी मी डॉक्टरांच्या फोनवरून मॅडमना फोन केला. आयुष्यात स्वतःहून केलेला माझा तो पहिला फोन. म्हटलं, "मॅडम, मनीषाच्या वडिलांचे पण हात तसेच आहेत."

मॅडम पलीकडे एवढंच म्हणाल्या, "सुमनबाई, तुम्ही चौथीतच का थांबलात?"

चौथ्या गुरुवारी साहेबांनी सही केली तेव्हा मॅडमनी विचारलं, "हात पुसायला देऊ काही?"

"गरम होतंय."

"थंडीत?"

साहेबांनी हात पँटला पुसला. तीस घेतले, गेले. मला वाटलं आता येत नाहीत.

पाचव्या गुरुवारी आले. आत जाऊन बसले. मग ते बोलायला लागले, आणि मी बाहेर नळ सोडायला हवा होता, आवाज झाकायला. सोडला नाही. कबूल करते.

कारखान्यात वर जायची खात्याची परीक्षा असते. साहेबांनी तिचा फॉर्म तीन वेळा भरला होता. तिन्ही वेळा सकाळी देवाला नमस्कार करून, बायकोच्या हातचं दही खाऊन निघाले आणि तिन्ही वेळा अंबरनाथच्या शंकराच्या देवळामागे, नदीच्या बाजूला जाऊन संध्याकाळी पाचपर्यंत बसले. घरी येऊन सांगितलं, पेपर कठीण होता. पुढे सांगितलं, नापास झालो. हाताखालचे दोघं पुढे निघून गेले.

"बायकोला माहीत नाही," ते म्हणाले. "आईवडील गेले, त्यांना कळलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. आणि तेसुद्धा स्वतःचे पैसे परत घ्यायला आलोय म्हणून!"

मॅडम हसल्या. मग साहेबही हसले असावेत, तसा आवाज आला. मॅडम म्हणाल्या, "हे मनीषाला सांगा."

"मुलीला? मग बाप म्हणून काय राहिलं माझं?"

"तिला वाटतं खानदानात असं कुणी केलं नाही. तुम्हीच सांगितलंत तिला."

सहाव्या गुरुवारी साहेब आले तेव्हा बरोबर मनीषा होती, हातात पॅड. बाप आत गेला आणि ती माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "बाई, पप्पांनी सांगितलं. तीन वेळा! मी तर दोनदाच उठले." तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीच्याही नसेल. मग म्हणाली, "आज तुम्ही जरा जोरात ओरडा. आमच्या बाई फार जोरात ओरडतात."

सातव्या गुरुवारी मॅडमनी साहेबांना आत घेतलंच नाही. त्यांच्याही हातात पॅड दिलं. बाप आणि लेक शेजारी-शेजारी बाकावर. मुलगी निबंध लिहीत होती, बाप यंत्राबद्दल काहीतरी. पहिल्या ओळीतच त्यांचं पेन घसरलं आणि ते मुलीच्या कागदाकडे बघायला लागले, बहुतेक धीर शोधत असावेत. मी हात पाठीमागे बांधून त्यांच्यासमोर उभी राहिले. पन्नास-साठ माणसांचा साहेब तो. म्हटलं, "ओ. मान खाली. स्वतःचं लिहा."

मनीषा खाली बघून खुदखुदली. साहेबांनी मान खाली घातली. अर्धा तास त्यांनी ती वर केली नाही, आणि अर्धा तास ते उठलेही नाहीत. सोळा वर्षांच्या नोकरीत मला कुणी प्रमोशन दिलं नाही, पण त्या अर्ध्या तासात मी कुठल्याही परीक्षा मंडळाच्या अध्यक्षापेक्षा कमी नव्हते. नंतर त्यांनी सातवे तीस मात्र घेतले. विसरले नाहीत.

आठव्या गुरुवारी बोर्डाचा पहिला पेपर होता. सकाळपासून माझं कामात लक्ष नाही. अकरा वाजले तेव्हा मी हत्यारं उकळत ठेवली आणि पाणी आटेपर्यंत तशीच उभी राहिले. ती उठून आली तर? मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं. मी बघितलं की त्या बघत नसत आणि त्यांनी बघितलं की मी.

साडेतीनला साहेब आले. शर्ट घामानं भिजलेला. दारातच उभे राहून बाकावरच्या सगळ्यांसमोर म्हणाले, "बसली. पुरे तीन तास बसली."

मॅडम बाहेर आल्या. "रुमाल?"

"मागितला म्हणे सुपरवायझरनं. तिनं दिला, सांगितलं घाम येतो. त्यांनी बघून परत दिला, बस. घरी येऊन मला म्हणते, पप्पा, त्या बाई आपल्या सुमनबाईंपेक्षा बऱ्याच गरीब आहेत." मग माझ्याकडे वळले. "मी फाटकाशीच होतो. तीन तास. मीपण कुठे गेलो नाही."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते एका दमात संपवलं. मग म्हणाले, "बाई, पुढच्या गुरुवारचा नंबर लिहा. माझा. मे महिन्यात खात्याची परीक्षा आहे."

मी वही उघडली. "फी तीसच आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. ते पुढच्या गुरुवारी. आज आधी माझे राहिलेले."

आणि ते आत गेले. मॅडमनी डबा मागवला, मी नेऊन दिला. मॅडमनी दहाच्या तीन नोटा टेबलावर ठेवल्या. साहेबांनी त्या उचलल्या, मोजल्या, एक जुनी फाटकी निघाली ती बदलून घेतली, रजिस्टरमध्ये "एकूण रुपये दोनशे चाळीस पूर्ण मिळाले, काही तक्रार नाही" असं लिहून सही केली आणि नोटा शर्टाच्या खिशात ठेवून वरचं बटण लावलं.